सुहैली : मुंबईत बांधलेली सागवानी नौका आणि लांब कीलच्या जुन्या बोटींची घडण

नीरज_धरमपेठ :

१४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून ३२ फुटांची एक लाकडी बोट निघाली आणि २२ एप्रिल १९६९ ला, वाटेत कुठेही न थांबता, पृथ्वीला वळसा घालून त्याच बंदरात परत आली. बोटीवर एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. एकट्याने, विनाथांबा जगप्रदक्षिणा तोवर कुणीच केली नव्हती. 'गोल्डन ग्लोब' नावाच्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी केली ती याने एकट्याने. आणि त्याची बोट 'सुहैली' मुंबईत बांधलेली होती, सागवानात, आपल्या सुतारांच्या हातची. वाकसाने तासलेल्या फळ्या, दोरीच्या सामत्याने पाडलेली भोकं. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हा धागा.

पण इतिहासापेक्षा मला तिच्या घडणीवर बोलायचं आहे. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. सध्या तिचं लाकडी मॉडेल करतोय, त्यामुळे तिच्या रेषा रोज डोळ्यांसमोर असतात.

आधी वंशावळ. नॉर्वेचा कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) पायलट बोटी (मोठ्या जहाजांवर वाटाड्या पोचवणाऱ्या) आणि वादळात मच्छीमारांना वाचवणाऱ्या शिडाच्या बोटी आखायचा. नान्सेनचं ध्रुवीय जहाज 'फ्राम' त्याचंच. त्याची पहिली बचावनौका १८९३ ची. त्या बोटींवरून अमेरिकेच्या विल्यम अ‍ॅटकिनने १९२० च्या दशकात ३२ फुटांचा 'एरिक' नावाचा आराखडा केला, आणि सुहैली हे त्या एरिकचं मुंबईतलं रूप. गंमत अशी की नॉक्स-जॉन्स्टनने मागवला होता वेगळाच आराखडा, टपालाने आला तो हा जुना. वेळ नव्हता, मग हाच बांधला. शर्यतीसाठीसुद्धा त्याला ५३ फुटांची नवी पोलादी बोट हवी होती. प्रायोजक मिळाला नाही, म्हणून हाताशी होती ती घेऊन निघाला.

आता घडण. दोन्ही टोकं निमुळती, म्हणजे मागची बाजू सपाट कापलेली नाही, पुढच्यासारखीच टोकदार. रुंदी सुमारे ११ फूट. कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, लांब, जवळजवळ सगळ्या तळाला पुरणारी, आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला जोडलेलं. एरिकचं वजन जवळपास ९ टन. दोन डोलकाठ्या, मागची लहान, म्हणजे केच. पुढे लांब बोस्प्रिट, म्हणजे नाकाच्या पुढे काढलेली काठी.

कागदावर पाहिलं तर बोट मंद आहे. तरी मी तिला उत्तम समुद्री बोट म्हणतो. माझा निकष एवढाच : सुकाणू धरणाऱ्याने हात सोडल्यावर बोट काय करते? माणूस थकतो, झोपतो, आजारी पडतो, आणि त्या वेळी बोटीने स्वतःला सांभाळायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

—

मनीषनगरचा_वाचक :

+१. वाचनखूण साठवली. नागपुरात बसून अशा विषयावर मराठीत वाचायला मिळतंय, याचा फार आनंद झाला.

—

सोनल_कॅडेट :

नीरजदादा, धाग्यासाठी खूप आभार. मी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये आहे, अंबाझरीवर एंटरप्राइज चालवते. सव्वातेरा फुटांची डिंगी, कीलऐवजी सेंटरबोर्ड, म्हणजे वर-खाली करता येणारी फळी. टिलर (सुकाणूचा दांडा) जरा ढकलला की ती जागच्या जागी वळते. आमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, चांगली बोट हाताला लगेच उत्तर देते. मग लांब कीलची बोट, जी वळायलाच तयार नसते, ती चांगली कशी?

—

दर्यावर्दी_प्रतापनगर :

सोनल बेटा, तुझे इन्स्ट्रक्टर तुझ्या बोटीबद्दल अगदी बरोबर सांगतात. तळ्यावर वारा क्षणाक्षणाला बदलतो, झाडीआडून झोत येतो, काठ जवळ असतो. तिथे पटकन वळणारी बोटच हवी.

मी आयुष्यभर मर्चंट नेव्हीत होतो. मोठी जहाजं, इंजिनवरची. निवृत्तीनंतर मात्र एका मित्राच्या लांब कीलच्या ३६ फुटी बोटीवर गोव्याहून मुंबईला यायचा योग आला, तेव्हा शिडांची बोट म्हणजे काय ते कळलं. त्या मोसमात दुपारनंतर वायव्येचा वारा सुरू होतो आणि तो थेट नाकावर येतो. जयगडच्या बाहेर लाटा आखूड आणि उभ्या झाल्या. मित्र म्हणाला, जेवून घेऊ. मला वाटलं, अशात जेवण कसलं?

त्याने बोट टॅक केली, म्हणजे नाक वाऱ्याच्या पलीकडे फिरवलं, पण जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, दोर सोडलाच नाही. त्यामुळे जिब उलट्या बाजूने फुगलं. मुख्य शीड आधीच रीफ केलेलं, म्हणजे आखडून लहान केलेलं होतं. मग टिलर वाऱ्याच्या उलट बाजूला लोटून दोरीने बांधून टाकला. झालं. उलटं जिब बोटीचं नाक वाऱ्यापासून दूर ढकलतं, सुकाणू आणि मुख्य शीड ते परत वाऱ्याकडे आणतं. या ओढाताणीत बोट जवळपास थांबते. धक्के बंद झाले, डेकवर पाणी यायचं बंद झालं. ती तिरकी होऊन, लाटांना खांदा देऊन, हळूहळू वाहत राहिली. वाऱ्याकडच्या बाजूला तिच्या वाहण्याने पाण्यावर एक गुळगुळीत पट्टा तयार झाला होता, आणि येणाऱ्या लाटेचा माथा त्या पट्ट्यावर आला की फुटायचा राहून जायचा. आम्ही खाली बसून वरण-भात खाल्ला, पातेलं शेगडीवरून हललं नाही.

याला हीव्ह-टू म्हणतात. बोटीने असं शांत बसायला पाण्याखाली भरपूर बाजू लागते. लांब कीलला ती मिळते. आखूड, खोल कीलच्या पुष्कळ बोटी अशा बसत नाहीत, त्यांचं नाक सारखं भटकतं. नीरज, तुझ्या निकषाला माझा पूर्ण पाठिंबा.

—

वैदेही_भौतिकी :

चर्चेला थोडा भौतिकशास्त्राचा आधार देते.

पाण्यात तरंगत जाणारी बोट स्वतःची लाट तयार करते आणि वेग वाढेल तशी त्या लाटेची लांबी वाढते. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. जड बोटीला त्यातून वर चढता येत नाही. ढोबळ सूत्र असं : फुटांमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. पाण्यातली लांबी २८ फूट धरली तर जेमतेम ७ नॉट. वारा कितीही येवो, ही मर्यादा राहणार. प्रत्यक्षात सुहैलीने सुमारे ३०,००० सागरी मैल ३१२ दिवसांत कापले, म्हणजे सरासरी ४ नॉट.

पण वजनाकडे दुसऱ्या बाजूनेही बघा. वर्षभराचं अन्न, पाणी, अवजारं, सुटे भाग मिळून दोन टन सामान धरलं, तर ९ टनांच्या बोटीवर ते वजनाच्या पाव हिश्श्याहून कमी होतं. तेच ४ टनांच्या हलक्या बोटीवर चढवलं तर ती निम्म्याने जड होते आणि तिचा हलकेपणाचा सगळा फायदा जातो. दूर जायचं असेल तर हलकी बोट हलकी राहतच नाही.

आणि जड बोटीला लाट हलवते ती सावकाश. एकाच लाटेने दोन्ही बोटींना सारखाच धक्का दिला, तर जड बोटीला त्वरण कमी मिळतं. आतल्या माणसाला उलट्या होणार की तो दोन घास खाऊन झोपणार, हे त्यावर ठरतं. माझ्या मते लांबच्या प्रवासात हा वेगाइतकाच महत्त्वाचा गुण आहे.

—

सोनल_कॅडेट :

वैदेहीताई, समजलं. पण मग ती उलटणारच नाही, असं म्हणायचं का?

—

वैदेही_भौतिकी :

नाही. इथे नेमकं बोलायला हवं.

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या होत्या. वादळात १५ खलाशी गेले. त्यानंतर इंग्लंडमध्ये मॉडेलवर बरेच प्रयोग झाले. त्यांतून दिसलं ते असं : फुटणारी लाट बोटीला आडवी सापडली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के असली, तर काही बोटी उलटतात. ६० टक्के असली तर तपासलेलं जवळपास कुठलंच मॉडेल तग धरत नाही. ३२ फुटी बोटीला हे आकडे साधारण १० आणि १९ फूट येतात. दक्षिणी महासागरात १९ फुटांची लाट ही नवलाईची गोष्ट नाही.

आकाराने फरक पडतो तो नंतर. फार रुंद, उथळ, हलकी बोट उलटी झाल्यावर उलटीच स्थिर राहते, कारण तिचं रुंद डेक तराफ्यासारखं तरंगतं. ज्या बोटीचं वजन खाली, कीलमध्ये आहे, ती पुढच्या लाटेसरशी परत सुलटी होते. सुहैली आफ्रिकेच्या दक्षिणेला अशीच आडवी झाली होती. केबिनचं छप्पर जागचं हललं, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, पण बोट उठली. पुढे तो पावसाचं पाणी गोळा करत गेला.

—

नीरज_धरमपेठ :

वैदेहीताई, ३० आणि ६० टक्के हे आकडे मनात ठसवून घ्यावेत असे आहेत. म्हणजे खरा प्रश्न 'उलटेल का' असा न विचारता 'आडवी येईल का' असा विचारायला हवा. लांब कील इथे उपयोगी पडते. बोट लाटेवरून खाली घसरताना तिचं नाक सहज फिरत नाही, सरळ धावते. नॉक्स-जॉन्स्टन वादळात मागच्या बाजूने लांब दोर पाण्यात सोडायचा. त्या ओढीने वेग कमी राहायचा आणि बोटीची पाठ लाटांकडे धरलेली असायची.

मागचं टोक निमुळतं असावं की नाही, यावर मात्र जाणकारांत अजून वाद आहे. एक बाजू म्हणते, मागून येणारी लाट त्या टोकाने दुभंगते, बोटीला ढकलत नाही. दुसरी बाजू म्हणते, टोक निमुळतं असल्यामुळे मागे उचल कमी पडते आणि लाट डेकवर चढते. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. आर्चरच्या पायलट बोटींना मोठ्या जहाजांच्या कुशीला लागावं लागायचं, त्यात टोकदार मागची बाजू सोयीची होती. ते कारण सुहैलीला लागू नाही. तिचा जीव तिच्या कीलमध्ये, वजनात आणि शिडांच्या वाटणीत आहे.

—

दर्यावर्दी_प्रतापनगर :

शिडांची वाटणी हा मुद्दा काढलास ते बरं केलं. दोन डोलकाठ्यांमुळे एकेक शीड लहान होतं आणि एकट्या माणसाला पेलतं. अचानक वारा वाढला तर मुख्य शीड पुरतं उतरवायचं. पुढचं जिब आणि मागचं मिझन यांवर बोट तोल न जाता चालत राहते.

आता ऐक सोनल. ऑस्ट्रेलियाजवळ सुहैलीचं वाऱ्यावर चालणारं सेल्फ-स्टीअरिंग तुटलं ते कायमचं. पुढे न्यूझीलंड, १७ जानेवारी १९६९ ला दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न, मग सगळा अटलांटिक, हे अंतर तिने त्याविना कापलं. टिलर बांधायचा आणि शिडं अशी लावायची की बोट आपोआप वाट धरेल. मिझन मागचं टोक वाऱ्याखाली ढकलतं, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळतं. जिब नाकाला वाऱ्यापासून दूर नेतं. दोघांचे दोर थोडे ताणून, थोडे सैल सोडून तोल साधायचा. तुझ्या एंटरप्राइजवरही हे जमेल, पण ती इतकी चटकन फिरते की दोन क्षणांत तोल जाईल. लांब कील फिरायला वेळ घेते, आणि त्या वेळात शिडं चूक सुधारून घेतात. तू जिला 'वळायला तयार नसते' म्हणालीस, ती खोड इथे कामाला आली.

किंमतही मोजावी लागते, ती लपवू नये. मंद वाऱ्यात टॅक हुकतो, जिब उलटं फुगवून नाक ढकलावं लागतं. वाऱ्याच्या अंगावर जाताना नव्या बोटी हिला कितीतरी मागे टाकतात. बंदरात इंजिनवर मागे घेणं तर जिकिरीचं. सुकाणूला मागे जाताना पकडच मिळत नाही आणि पंख्याच्या ओढीने मागचं टोक एका बाजूला सरकत राहतं. वारा असेल तर दोरी घेऊन धक्क्यावर माणूस उभा केलेला बरा.

—

लाकडगंजवाला :

नीरजभाऊ, धागा पहिल्यापासून वाचून राहिलो. बोटीतलं आपल्याला काही समजत नाही, पण सागवानात तीन पिढ्या गेल्या, म्हणून लिहितो.

सुहैलीचं सागवान कुठलंही असो. आपलं बल्लारशाचं, आलापल्लीचं सागवान काही कमी नाही, नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं. जात एकच. सागवानात तेल असते, त्याच्यानं पाणी लवकर मुरत नाही अन् कीड लागत नाही. वाळू असते, म्हणजे सिलिका, त्याच्यानं करवतीची धार लवकर जाते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, हे लाकूड ओलं-सुकं झालं तरी फार फुगत नाही, फार आकसत नाही. बोटीला तेच पाहिजे. ओक लाकडात आंबट रस असते, तो लोखंडी खिळा खाते. सागवानात तसं होत नाही. मुंबईला वाडियांनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज १८१७ चं आहे अन् इंग्लंडात अजून तरंगून राहिलं. सागवानच ते.

पण फार आकसत नाही म्हणजे आकसतच नाही असं नाही. मे महिन्यात आपल्या इथं ४५ डिग्रीत कोरडी हवा असते, तवा जुन्या वाड्याच्या दारालेही फट पडते. मी वाचलं का ही सुहैली काही वर्षं ग्रिनिचच्या म्युझियममध्ये ठेवली होती अन् तिथल्या कोरड्या हवेनं तिच्या फळ्या आकसल्या. हे खरं हाय काय?

—

नीरज_धरमपेठ :

भाऊ, अगदी खरं आहे. म्हणूनच २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून बाहेर काढून पुन्हा पाण्यात आणलं. फळ्या ओल्या राहिल्या तरच सांधे मिटलेले राहतात.

सांध्यांचा त्रास तिला पहिल्यापासून होता. १९६८ मध्ये केप व्हर्देजवळ येईतो कीलला लागून असलेल्या फळीच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागलं. वारा पडला तेव्हा त्याने स्वतः पाण्याखाली उतरून, श्वास रोखून, सांध्यात कापूस ठासला. वर कॅनव्हासची पट्टी, त्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. मध्ये शार्क आला, त्याला बंदुकीने मारून काम पुढे चालू केलं. फायबरग्लासच्या बोटीला हे दुखणं नसतं. पण लाकडाचं दुखणं हातोडी, कापूस आणि पत्रा यांनी भर समुद्रात बरं करता आलं, आणि बोट पुढे नऊ महिने चालली. बोट निवडताना हाही गुण मोजायला हवा असं मला मनापासून वाटतं.

—

अजनी_एक्सप्रेस :

चर्चा छान चालली आहे, पण थुरियाचा विषय कुणीच काढला नाही. अभिलाष टॉमींनी २०१८ च्या गोल्डन ग्लोबला, म्हणजे त्याच शर्यतीच्या नव्या आवृत्तीला, सुहैलीचीच प्रतिकृती नेली होती, गोव्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि ओसिरिस या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. मग ही घडण सुरक्षित कशी म्हणायची? मी वाद घालत नाहीये, खरंच समजून घ्यायचं आहे.

—

दर्यावर्दी_प्रतापनगर :

प्रश्न रास्त आहे. वैदेहीताईंचे आकडे इथेही लागू पडतात : एवढ्या मोठ्या फुटणाऱ्या लाटेपुढे ३२ ते ३६ फुटांची कुठलीच बोट सुरक्षित नाही. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिनच्या बोटीच्याही डोलकाठ्या गेल्या, ती वेगळ्या घडणीची होती. शर्यत जिंकणारे ज्याँ-लुक व्हान दन हीड रस्लर ३६ जातीच्या बोटीवर होते, तेही पुढे आडवे झाले आणि डोलकाठीला इजा झाली, तरी २११ दिवसांत पोचले. थुरियाबद्दल मला महत्त्वाचं वाटतं ते असं की उलटून, डोलकाठ्या गमावून, ती बोट तरंगत राहिली. जखमी माणूस हलू शकत नव्हता, तरी मदत येईपर्यंत जवळपास तीन दिवस तो तिच्या आत होता, जिवंत.

डोलकाठी मोडण्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. उंचावरचं ते वजन बोटीला झटकन गोल फिरू देत नाही. डोलकाठी गेली की बोट हलकी झाल्यासारखी वाटते, पण पुढच्या लाटेने उलटायला ती आधीपेक्षा जास्त तयार असते.

—

वैदेही_भौतिकी :

काकांशी सहमत. आणि पुढचं पाहा. २०२२ ला टॉमी परत आले, या वेळी रस्लर ३६ घेऊन, आणि २३६ दिवसांत दुसरे आले. ही बोट तशी जुन्याच विचाराची. कील लांब, सुकाणू कीलला जोडलेलं, पण मागची बाजू सपाट, डोलकाठी एकच आणि वजन सुहैलीपेक्षा कमी. पहिली आली ती किर्स्टन नॉयशेफर, केप जॉर्ज ३६ वर. ती बोट अ‍ॅटकिनच्याच एका आराखड्यावरून पुढे आलेली आहे. या शर्यतीचा नियमच आहे की आराखडा १९८८ च्या आधीचा आणि कील लांब हवी, त्यामुळे नव्या बोटींशी तुलना यातून होत नाही, हे खरं. पण जुन्या घराण्यात कोणते बदल टिकले ते यात स्पष्ट दिसतं : कील ठेवली, शिडांची मांडणी सोपी केली.

माझं मत विचाराल तर आज दोघातिघांनी लांब जायचं असेल तर मी रस्लरसारखी बोट घेईन. सुहैलीबद्दल आदर आहे, पण तिच्या हळूपणामुळे वादळाच्या वाटेत घालवावे लागणारे दिवस वाढतात, हा धोकाही हिशेबात धरला पाहिजे.

—

नीरज_धरमपेठ :

ताई, दिवसांचा मुद्दा मान्य. तरी एकट्या माणसाला मी केचच सुचवेन. तुटलेल्या सेल्फ-स्टीअरिंगनिशी केप हॉर्न करून घरी येणं एका डोलकाठीवर फार अवघड झालं असतं.

—

सोनल_कॅडेट :

काका, शिडांचा आणि कीलचा तोल म्हणालात, तो आराखड्यावर आधीच कळतो का? नीरजदादाच्या मॉडेलवर बघता येईल?

—

दर्यावर्दी_प्रतापनगर :

येईल. बोटीचा पाण्याखालचा बाजूचा आकार, कील आणि सुकाणूसकट, जाड पुठ्ठ्यावर काढून काप. तो सुईच्या टोकावर ठेवून जिथे तोलतो तिथे खूण कर. बोट बाजूला ढकलली तर पाणी साधारण त्या जागी अडवतं. मग प्रत्येक शिडाच्या त्रिकोणाचा मध्य काढ आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने सगळ्यांचा मिळून एक मध्य काढ. शिडांचा मध्य कीलच्या खुणेच्या थोडा पुढे यायला हवा. बोट कलली की शिडांची ओढ एका बाजूला जाते आणि नाक वाऱ्याकडे वळवू पाहते. तो हिशेब आधीच धरून ठेवायचा. मध्य मागे पडला तर चालवणाऱ्याचे हात टिलर ओढून दुखतील.

एंटरप्राइजचाही असाच पुठ्ठा कर. सेंटरबोर्ड खाली आणि अर्धा वर, असे दोन. दोन्ही खुणा शेजारी ठेवून बघ, मग बोर्ड वर घेतल्यावर टिलर हाताला वेगळा का लागतो ते सापडेल.

—

नीरज_धरमपेठ :

सोनल, सुहैलीचा बाजूचा आकार एकास वीस प्रमाणात माझ्याकडे काढून तयार आहे. उद्या स्कॅन करून इथेच टाकतो. मिझन धरून आणि मिझन सोडून, दोन्ही मध्य तू काढ, मी स्वतंत्रपणे काढतो, मग आकडे ताडून पाहू.